जमा आणि नावे

आमच्या घरी खर्चाचा हिशेब रोज रात्री जेवणानंतर लिहिला जातो. १९८८ साली लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ती वही ह्यांच्या हातची. आमचे यजमान एका सरकारी कार्यालयात लेखापाल होते. दिवसभर आकड्यांत डोके घालून घरी आलेल्या माणसाला रात्री पुन्हा वही उघडण्याचा कंटाळा यावा. पण तसे कधी झाले नाही. आजोबांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे सारे काही पाठ करून घेतले होते. बेरीज करताना ह्यांचे ओठसुद्धा हलत नसत.

२०१४ च्या दिवाळीनंतर एका रविवारी मी सहज ती वही चाळली. राजवाड्याजवळच्या दुकानातून आणलेल्या सामानाची एक यादी – तूरडाळ, गूळ, पोहे, शेंगदाणे, हिंग – तीन निरनिराळ्या तारखांना तीन वेळा लिहिलेली होती. सामान एकदाच आले होते आणि पावतीही एकच होती. नवलाची गोष्ट ही, की तिन्ही ठिकाणच्या बेरजा अचूक होत्या.

मी शाळेत एकूण ३१ वर्षे मराठी शिकविले. लाल शाईचे पेन तेव्हा हाताशी असायचेच. दोन याद्यांवर मी फुल्या मारल्या आणि समासात लिहिले, "लक्ष कुठे आहे?" ते पान आता मला उघडवत नाही.

या प्रश्नाचे उत्तर मिळायला पुढे तीन वर्षे लागली. ते कसे मिळाले आणि मिळाल्यावर आम्ही काय केले, एवढेच सांगण्यासाठी हे लिहीत आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कर्करोगाचे उपचार झालेले माणूस असेल. ते जगले-वाचले याच्या आनंदात, त्याचे काहीतरी हरवले आहे हे म्हणायलाही घरच्यांना संकोच वाटतो. मलाही वाटत असे.

मूळ दुखणे २००९ चे. त्या वर्षी मार्चमध्ये ह्यांना कार्यालयात बसल्याजागी आकडी आली. वय होते ४८. मेंदूच्या डाव्या भागात, कपाळामागे, हळूहळू वाढणारी गाठ निघाली. शस्त्रक्रियेने काढता आली तेवढी काढली. परीक्षणात ती दुसऱ्या श्रेणीची ठरली, म्हणजे अगदी उग्र नव्हे; पण निरुपद्रवी म्हणून सोडून देण्यासारखीही नव्हे. उरलेल्या भागासाठी किरणोपचार ठरले. आमच्या इंदुरात या उपचाराला सगळे 'सिकाई' म्हणतात. सासूबाई 'शेक' म्हणत. शब्द इतका घरगुती की पाठीत उसण भरली म्हणून वाळूच्या पुरचुंडीने शेकावे, तसलेच काहीतरी वाटावे.

गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून तिचा मुखवटा तयार करतात. तो घालून डोके मेजाला जखडले, की किरण रोज नेमक्या त्याच जागी पडतात. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, असे तीस दिवस आम्ही गेलो. किरणांचे माप 'ग्रे' या एककात मोजतात. लुई हॅरॉल्ड ग्रे या इंग्रज शास्त्रज्ञाचे हे नाव. डॉक्टरांनी रोजची मात्रा १.८ ग्रे सांगितली, तेव्हा मुखवट्याच्या खुणा गालावर घेऊन बसलेले हे ताबडतोब म्हणाले, "म्हणजे एकूण चोपन्न." डॉक्टर हसले. तो मुखवटा आम्ही घरी आणला आणि तो अजून माळ्यावर आहे. टाकून द्यायला हात होत नाही आणि पाहवतही नाही.

त्या किरणांनी काम चोख केले. गाठ वाढली नाही. प्रत्येक तपासणीत ती होती तिथे गप्प आहे. ह्यांनी मुलीचे लग्न पाहिले आणि नातीला पाठुंगळी घेतले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी किरणोपचाराला भिऊन माघार घेतली, तर माझ्या हातून पाप होईल. माझी तक्रार एवढीच, की संमतीच्या कागदावर सही घेताना केस जातील, थकवा येईल, मळमळेल हे सारे सांगितले गेले. पण पुढे काही वर्षांनी स्मरण आणि अवधान यांवर परिणाम होऊ शकतो, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. त्या रुग्णालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. सांगितले असते तरी सही आम्ही केलीच असती. पण मग त्या समासात मी ते वाक्य लिहिले नसते.

पहिली तीन-चार वर्षे बरी गेली. मग पालट असा सावकाश आला, की कोणत्या दिवशी आला ते सांगता येत नाही. बोलणे कमी झाले. दोघे एकदम बोलू लागले की हे उठून गच्चीवर जात. साहित्य सभेच्या व्याख्यानांना कधी न चुकणारा माणूस "आज नको" म्हणू लागला. कार्यालयात चुका होऊ लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये ह्यांनी आपण होऊन सेवानिवृत्ती घेतली. घरात प्रत्येकाने आपापले निदान केले होते. वन्सं म्हणत, "वय झालं." शेजारी म्हणत, "आजार मनावर घेतलाय." मुलगी म्हणे, "बाबा उदास आहेत." माझे निदान वहीच्या समासात होतेच.

२०१६ च्या मे महिन्यात उज्जैनला एक मुंज होती. तिथे माझे मावसदीर भेटले. त्यांच्या आई, म्हणजे ह्यांच्या सख्ख्या मावशी, त्याच वर्षी जानेवारीत वारल्या होत्या आणि अंत्ययात्रेला हे स्वतः गेले होते. पंगतीत हे त्यांच्या शेजारी बसले आणि विचारले, "मावशी कशी आहे?" भावजींना वाटले, ऐकण्यात काही चूक झाली, ते हळूच म्हणाले, "आई गेली ना." थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. या वेळी ते काहीच बोलले नाहीत. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते पानावरून उठले. मी वाढत होते. हातातले भांडे खाली ठेवून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अहो, किती वेळा तेच ते? तुम्ही स्वतः खांदा दिलात ना!"

'खांदा' हा शब्द कानी पडला मात्र, ह्यांचा चेहरा एकदम उतरला. आठवले होते. सगळेच आठवले होते.

परतताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. सांवेर मागे पडल्यावर हे म्हणाले, "तू रागावतेस ते मला कळतं गं. कशाबद्दल रागावलीस, ते मात्र निसटतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. विसरभोळ्या माणसाचे बोलणे असे नसते, एवढे तरी मला कळायला हवे होते.

आधी इथेच चाचण्या झाल्या. एका तरुण बाईंनी बारा शब्द हिंदीत वाचून दाखविले आणि आठवतील तेवढे सांगा म्हणाल्या. असे तीन वेळा. ह्यांनी अनुक्रमे चार, पाच आणि पुन्हा पाच शब्द सांगितले. अहवाल वाचून मी रिक्षातच चिडले. पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहून आपण हिंदी सहज बोलतो. पण पाढे म्हणतो ते मराठीत आणि स्वप्ने पाहतो तीही मराठीत. परक्या भाषेतले शब्द लक्षात राहिले नाहीत तर दोष माणसाचा कसा? माझ्या मनाने ही फट धरून ठेवली. मराठीत विचारले असते तर, हा एकच धोशा मी घरात लावला होता.

२०१७ च्या जानेवारीत आम्ही अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाई मराठी होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मराठी शब्द वाचले. ह्यांनी सहा, मग सात, मग आठ शब्द सांगितले. बाहेर येऊन हे मला म्हणाले, "आठ आले." मला वाटले, जिंकले.

पण चाचणी तिथे संपली नव्हती. एक आकडा आणि एक अक्षर असे आळीपाळीने रेषेने जोडत जायचे, ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायचे, एका मिनिटात 'क'पासून सुरू होणारे शब्द सांगायचे, असे बरेच काही झाले. अर्ध्या तासाने बाईंनी विचारले, "मघाशी मी काही शब्द वाचले होते, त्यांतले कोणते आठवतात?" ह्यांनी विचारले, "कोणते शब्द?"

नंतर मला आत बोलावून बाईंनी हे सांगितले आणि माझा धोशाही शांतपणे ऐकून घेतला. म्हणाल्या, "भाषेचा फरक पडला, काकू. दोन-तीन शब्दांचा. पण आजार त्याच्या पलीकडे आहे." मग त्यांनी पुढची गोष्ट सांगितली, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. त्याच बारा शब्दांत दुसरे बारा मिसळून त्यांनी एकेक शब्द वाचला आणि 'हा मघाचा की नवा' असे विचारले, तेव्हा ह्यांनी बारापैकी दहा बरोबर ओळखले. म्हणजे शब्द आत पोचले होते, राहिलेही होते. आपण होऊन बोलावले की येत नव्हते. कोणी खूण दाखविली की येत होते. मला मुंजीतला 'खांदा' आठवला. तिथेच डोळे भरून आले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

हे कशामुळे, ते डॉक्टरांनी एम.आर.आय.ची चित्रे समोर धरून समजावले. मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे निरोप नेणाऱ्या तंतूंवर एक पांढरे वेष्टण असते. हे वेष्टण राखणाऱ्या पेशी आणि त्यांना रक्त पुरविणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या किरणांनी हळूहळू खंगतात. आत एक मंद दाह धुमसत राहतो. म्हणूनच परिणाम लगेच दिसत नाही. उपचारानंतर काही आठवड्यांनी येणारी गुंगी, मंदपणा बहुधा ओसरतो. पण सहा महिन्यांनंतर, किंवा कित्येक वर्षांनी जे येते, ते बहुधा राहायला येते. नेदरलँड्समध्ये अशाच सावकाश वाढणाऱ्या गाठींच्या रुग्णांना सरासरी १२ वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा किरण घेतलेल्यांचे अवधान न घेतलेल्यांपेक्षा ढासळलेले आढळले. हा अभ्यास २००९ मध्ये, म्हणजे ह्यांचे उपचार चालू असतानाच्या वर्षी प्रसिद्ध झाला. दुसरा एक धागा स्मरणाच्या केंद्राचा. मेंदूत खोलवर समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मिशेल मोन्ये आणि थिओ पामर यांनी २००२ मध्ये उंदरांवर दाखविले, की किरणांनंतर या भागात नव्या चेतापेशी तयार होणे जवळजवळ थांबते. पुढच्या वर्षी त्यांनीच असेही दाखविले, की दाह कमी करणारे औषध दिले तर ती निर्मिती काही अंशी परत येते. उंदरांचे माणसांना लागू पडेलच असे नाही; पण आपले माणूस आळशी किंवा बेपर्वा झालेले नसून त्याच्या मेंदूत असे काही घडते आहे, हे समजले की बायकोच्या तोंडची भाषा बदलते.

डॉक्टर प्रामाणिक होते. सगळा दोष किरणांच्या माथी मारता येणार नाही, असे म्हणाले. गाठ स्वतः नुकसान करते, सुरी करते, आकड्या करतात आणि आकडीवरची औषधेही करतात. म्हणून आधी जे दुरुस्त होण्यासारखे असेल ते पाहू. रक्त तपासले, थायरॉईड ग्रंथी मंद निघाली. डोक्याला किरण दिल्यावर पुढे असे होऊ शकते आणि त्यानेही माणूस सुस्तावतो. गोळी सुरू झाली. ब जीवनसत्त्वे ठीक होती. झोप, नैराश्य यांबद्दलही नीट विचारले. आकडीसाठी ह्यांना आठ वर्षे फेनोबार्बिटोन चालू होते. ते फार हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने कमी करून लेव्हेटिरासिटॅम आणले. एक सूचना इथे द्यायला हवी: आकडीचे औषध कोणी आपल्या मनाने कधीही थांबवू नये. नव्या औषधाने चिडचिड वाढू शकते, असे बजावले होते. वाढली खरी, पण ती माझी. ह्यांची दुपारची पेंग मात्र निम्म्याने कमी झाली.

आणि स्मरणावर औषध? मी विचारलेच. स्मृतिभ्रंशावर देतात ते डोनेपेझिल मेंदूला किरण घेतलेल्या रुग्णांना देऊन पाहिले आहे. अमेरिकेत १९८ रुग्णांवर २४ आठवडे हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. सर्व चाचण्यांची मिळून बेरीज केली, तर औषध घेणारे आणि साखरेची गोळी घेणारे यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण ओळखीचे स्मरण, हाताची चपळाई अशा काही बाबतींत थोडा लाभ दिसला, आणि ज्यांचे नुकसान मुळात अधिक, त्यांना तो अधिक झाला. डॉक्टरांनी हे जसेच्या तसे सांगून निवड आमच्यावर सोपविली. आम्ही घेतले. पोट बिघडले आणि रात्री चमत्कारिक स्वप्ने पडू लागली. गोळी सकाळी घ्यायला लागल्यावर स्वप्ने थांबली. फायदा किती झाला? माझ्या नजरेला दिसला तो चमचाभर. वर्षभराने डॉक्टरांशी बोलून बंद केले. कोणाला वाटीभर होत असेल, तर त्याने आनंदाने घ्यावे.

मेमँटिन नावाचे दुसरे एक औषध आहे. त्याचा उपयोग नंतर नव्हे, किरण सुरू होतानाच. संपूर्ण मेंदूला किरण घेणाऱ्या ५०८ रुग्णांवरील प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज २० मिलिग्रॅमपर्यंत वाढवत नेलेली मात्रा २४ आठवडे दिली. हे औषध घेणाऱ्यांत स्मरणाची आणि विचाराची घसरण उशिरा सुरू झाली. मग २०२० मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले: संपूर्ण मेंदूला किरण देताना तो समुद्रघोडा तेवढा शिताफीने टाळायचा आणि जोडीला मेमँटिन द्यायचे. ५१८ रुग्णांत या पद्धतीने घसरणीचा धोका सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाला. आणि दुसऱ्या अवयवातला कर्करोग मेंदूत पसरून एक ते तीनच ठिपके झाले असतील, तर सगळ्या मेंदूला किरण द्यावेच लागतात असे नाही. नेमके त्या ठिपक्यांवर देता येतात. २१३ रुग्णांच्या तुलनेत (२०१६) तीन महिन्यांनी घसरण दिसली ती नुसत्या ठिपक्यांवर किरण घेतलेल्या शंभरांतल्या सुमारे ६४ जणांत, आणि जोडीला सगळ्या मेंदूलाही घेतलेल्या शंभरांतल्या ९२ जणांत. आयुष्यात मात्र फरक पडला नाही. ह्यांची गाठ वेगळ्या जातीची, त्यामुळे यातले काही त्यांना थेट लागू नव्हते. पण ज्यांच्या घरी हा निर्णय उद्या व्हायचा आहे, त्यांनी सहीपूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: सगळ्या मेंदूला किरण द्यायलाच हवेत का, स्मरणाचा भाग वाचविता येईल का, आणि मेमँटिन देणार का? डॉक्टर रागावत नाहीत. आम्ही विचारले नाही, कारण काय विचारायचे तेच ठाऊक नव्हते.

खरे काम झाले ते मानसशास्त्रज्ञ बाईंच्या खोलीत. किरणांनी गेलेले व्यायामाने जसेच्या तसे परत येत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. पण अवधानाचा सराव करता येतो आणि उणिवेला वळसा घालायच्या युक्त्या शिकता येतात. नेदरलँड्समध्ये अशाच गाठींच्या १४० रुग्णांच्या अभ्यासात काही जणांना सुमारे सात आठवडे असे शिक्षण दिले होते. सहा महिन्यांनी त्यांचे अवधान आणि शब्दस्मरण न शिकलेल्यांपेक्षा सरस होते, मनाचा थकवाही कमी होता. आम्ही मुंबईत महिनाभर राहिलो आणि पुढचे दूरध्वनीवरून चालले.

ह्यांना जो अभ्यास दिला, त्याहून कठीण अभ्यास मला दिला. बाई म्हणाल्या, "काकू, आजपासून 'आठवून बघा' हे शब्द बंद." मी चकित झाले. ३१ वर्षे मी वर्गात दुसरे केले काय? उत्तर येत नसेल तर मुलाला उभे करावे, ताण देऊ द्यावा, चुकले तर सुधारावे. बाईंचे म्हणणे असे, की ज्याचे नवे स्मरण दुबळे आहे, तो अंदाजाने चुकीचे उत्तर देतो आणि मग ती चूकच त्याच्या मनात रुजून बसते. आपण चुकलो होतो, हे त्याला आठवत नाही. चूक तेवढी आठवते. म्हणून चुकू द्यायचेच नाही. उत्तर आधी सांगायचे, मग मिनिटाने विचारायचे, मग दोन, चार, आठ मिनिटांनी. नातीच्या नव्या शाळेचे नाव आम्ही असे पंधरा दिवसांत बसविले. ते आजतागायत पक्के आहे.

पण माझी जीभ! दिवसातून वीस वेळा "आठवा ना" ओठांवर येई. बाईंनी ह्यांच्यासारखी मलाही वही ठेवायला सांगितली होती. त्या शब्दाला एक काडी. पहिल्या आठवड्यात ४१ काड्या झाल्या. त्या मोजल्या कोणी? ह्यांनी. बेरीज अचूक.

वहीची कल्पनाही अखेर ह्यांचीच. बाईंनी दैनंदिनी ठेवायला सांगितले, फोनमध्ये गजर लावून दिले, भिंतीवर फळा लावायला सांगितला. हे ऐकून घेत. पण वापरीत नसत. डावा कपाळभाग दुखावला की काम सुरू करण्याची उभारीच कमी होते, हेही आम्हांला तेव्हाच कळले. एके दिवशी मी हिशेबाची जुनी लांब वही पुढे केली, तेव्हा ह्यांनी मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिले 'नावे', उजवीकडे 'जमा'. जे करायचे आहे ते आपल्या नावावरचे देणे. झाले की पलीकडे जमा. दूध आणणे, गोळी, वीजबिल, मुलीला फोन. फोनवर ती काय म्हणाली, तेही दोन शब्दांत जमेच्या बाजूला. ३० वर्षे बोटांना जी सवय होती, तिला शिकवावे लागले नाही. वही देवघराच्या दाराशी सुतळीने बांधलेली असते. दुसरीकडे कुठेही काही लिहायचे नाही, चिठ्ठ्याचपाट्यांवर तर नाहीच. दर गजराला वहीपाशी जायचे, एवढा एकच नियम.

बाकीचे लहान लहान बदल केले. एका वेळी एकच काम. कोणी बोलत असेल तर दूरदर्शन बंद. बँकेची आणि कागदपत्रांची कामे सकाळी, डोके ताजे असताना. दुपारी जेवणानंतर अर्धा तास झोप, वामकुक्षी म्हणून नव्हे तर औषध म्हणून. पहाटे चालणे. टोरांटोच्या बालरुग्णालयात किरण घेतलेल्या मुलांना १२ आठवडे व्यायाम देऊन पाहिले, तर चित्रांत त्यांच्या मेंदूच्या तंतूंत सुधारणा दिसली. हे प्रौढांना किती लागू, ते सिद्ध व्हायचे आहे. पण रामबागेपासून राजवाड्यापर्यंत चालत जाऊन पोहे-जिलेबी खाऊन येणे याला सिद्धतेची वाट पाहावी, असे आम्हां दोघांनाही वाटले नाही.

हे पूर्वीसारखे झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. व्याख्यानाला आता जातात, पण अर्ध्या तासाने उठतात. नवी कादंबरी वाचवत नाही. जुन्या, वाचलेल्या वाचतात. मध्येच एखादी वाईट दुपार येते, माझाही तोल जातो आणि काडी पडते. कधी कधी मला तो जुना माणूस फार हवासा वाटतो, जो दिवाळीच्या फराळाचे गणित मनातल्या मनात करून मला चिडवीत असे. हे मी ह्यांना सांगितलेले नाही. सांगितले तर ते वहीत लिहून ठेवतील.

२०२३ च्या डिसेंबरात त्याच मुंजीतल्या घरात लग्न निघाले. कार्यालय इंदुरातच होते. मी नको म्हणत होते; हे म्हणाले, "जाऊ." दोन दिवस आधी आम्ही बसून एक कार्ड तयार केले: कोण कोण भेटेल, कोणाचे काय झाले. पाचव्या ओळीत भावजींचे नाव होते आणि पुढे ह्यांच्याच अक्षरात, "मावशी २०१६ त गेली. मी खांदा दिला." रिक्षात ते कार्ड दोनदा वाचले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले.

भावजी समोरून आले, तेव्हा मी मुद्दाम दूर उभी राहिले. हे पुढे झाले, त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "मावशी आज असायला हवी होती रे." भावजींनी ह्यांना मिठीच मारली. दोघे बराच वेळ तसेच उभे होते, वाढपी त्यांना वळसा घालून जात होते.

रात्री घरी आल्यावर हे कपडे न बदलताच वहीपाशी गेले. मी झोपण्यापूर्वी पाहिले. जमेच्या बाजूला लिहिले होते, "लग्नास जाऊन आलो. जेवण चांगले, मठ्ठा आंबट. भाऊ भेटला, मावशीविषयी बोललो. ही रागावली नाही." खाली रिक्षाचे ८० रुपये दोनदा लिहिले होते. बेरीज बरोबर होती. मी ते तसेच राहू दिले आणि दिवा मालवला.